आठव्याची पोर

"अजून नाही," एवढंच बोलून डॉक्टरबाई बाळंतपणाच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. अंगानं काडी. पण तुम्ही पाच माणसं घेऊन या, बाई हलायच्या नाहीत.

मी त्यांच्या दवाखान्याचा वॉचमन. त्याआधी निफाडला द्राक्षबागेत राबलो. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा डॉक्टरकीचं जे सांगतो ते बाईंच्या तोंडचं समजा.

एकदा एक बिल्डर सुनेला घेऊन आला. गुरुजींनी मुहूर्त काढलाय, त्याच वेळेला पोर बाहेर काढा म्हणे. दिवस भरायला अजून अवकाश होता. बाई म्हणाल्या, "गुरुजींना विचारा, फुप्फुसाची पत्रिका पाहिली का?"

मग पाळी माझ्यावरच आली. लेकीला सातव्यातच कळा सुरू झाल्या. आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, बाईंचा हात धरला. "आत्ताच मोकळी करा तिला. सातव्याचं जगतं, आठव्याचं नाय जगत." हसू नका तिला. आमचं पहिलं आठव्यात जन्मलं आणि श्वास ओढत ओढत तिच्या मांडीवर गेलं होतं.

बाई दाराला टेकल्या. "अजून नाही." मग मला म्हणाल्या, "मामा, मण्यात पाणी उतरायच्या आधी घड खुडाल?"

मणी मऊ पडून गोडी धरू लागतो, त्याला आम्ही पाणी उतरणं म्हणतो. म्हटलं, "नाय. तोडलेलं द्राक्ष पिकत नाय."

फुप्फुसही घडच, बाईंनी सांगितलं. आधी घशापाशी एक कोंब फुटतो, त्याला फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि टोकाला मणी. पोर पोटातल्या पाण्यातच छाती हलवून श्वासाचा सराव करतं. मण्यांना आतून साबणासारखा लेप लागतो, तो मात्र शेवटी शेवटी. तो नसला की मणी ओल्या पिशवीसारखे चिकटून बसतात. म्हणून पोटात जितकं राहील तितकं बरं, सातव्यापेक्षा आठवा बराच. "कळा थोपवायला औषध देते, लेप लवकर धरावा म्हणून लेकीला सुई देते," म्हणाल्या.

मग बाई माझ्या बायकोजवळ फरशीवर बसल्या. "आई, महिना वाईट नव्हता. तुमच्या बाळाचा लेप कमी पडला, आणि ही सुई तेव्हा तुम्हाला कुणी दिली नाही. तुमचं काही चुकलं नाही."

इतक्या वर्षांत त्या पोरासाठी ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बाईंचा हात मग तिनंच सोडला.

लेक आठव्यात बाळंत झाली. नात इवलीशी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. पण श्वास तिचा तिनं घेतला, आणि अशी किंचाळली की मला गेटवर ऐकू आलं. मी धावत आलो, तशी बाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "आता."

पुढं काही वर्षांनी बाई वारल्या. त्यांच्यामागं माझी बायकोही गेली. "वेळ भरली होती," असं सांत्वन करायला येतात, त्यांना मी चहा न विचारता वाटेला लावतो.

नात आता कबड्डी खेळते. परवा मैदानावर शेजारची एक बाई म्हणाली, "ही आठव्याची ना हो? दम पुरतो का हिला?"

नात तेव्हा समोरच्या पोरींत शिरली होती. दोघींना शिवून, दम न तोडता रेघेकडे निघाली होती.

मी म्हटलं, "आठव्याचीच. गप बसा आणि ऐका."