युसूफची आणि मुबारकची आई

खतू, मी दाभोळहून निघाले त्या दिवशी तू लहान होतीस. फ्रॉकच्या खिशात भाजलेले काजू भरून तू बंदरावर आली होतीस आणि माझ्याकडे न बघता ते खात होतीस. तुला बोटीची मजा वाटत होती. आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. आपली आई त्या पडाववाल्याशी माझ्या पेटीवरून भांडत होती.

"अरे मेल्या, पेटी मधी ठेव. कडेला पाणी लागतंय. तांदळाचं पीठ हाय तिच्यात!"

पीठ होतं, कोकम होतं, सुका जवळा होता. पडाववाला ऐकेना, आई थांबेना. पडाव सुटला तेव्हा तिच्या लक्षात आलं की भांडणाच्या नादात तिने मला जवळ घेतलंच नाही. ती पाण्याच्या कडेने धावत आली आणि ओरडली, "जैबू, भूक लागली तर मागून खा गो! लाजू नको!"

सगळा पडाव हसला. मीसुद्धा हसले. आगबोटीवर चढल्यावर तिची पांढरी ओढणी किनाऱ्यावर दिसेनाशी झाली, तेव्हा माझं हसू संपलं.

लग्नाला वर्ष झालं होतं. तुझे दुल्हाभाई दुबईच्या खाडीत लाँचींची इंजिनं दुरुस्त करत होते आणि मला न्यायला आले होते. मुंबईहून कराची, मस्कत करत आमची बोट दुबईसमोर पोहोचली, तर तिथे बंदरच नव्हतं. भर समुद्रात नांगर टाकला आणि आम्ही दोराच्या शिडीवरून होडीत उतरलो. समोर पिवळी वाळू, मातीची काही घरं, त्यांच्यावर हवा खेचणारे चौकोनी मनोरे. झाड शोधून सापडेना. मी यांना विचारलं, "गाव कुठे आहे?" हे म्हणाले, "हेच."

आमचं घर बरस्तीचं होतं. खजुराच्या झावळ्या दोरीने घट्ट बांधून केलेल्या भिंती, वर तसंच छप्पर. गाढवावरून डब्यांतून पाणी यायचं, ते इतकं मचूळ की चहात साखर घालावी की मीठ आधीच आहे म्हणून हसावं, कळत नसे. पैसे मात्र आपलेच रुपये चालत, आणि मासेही आपलेच. बाजारात पहिल्या दिवशी सुरमई बघितली आणि मला कोणी नातेवाईक भेटल्यासारखं झालं. तिला तिथे कनद म्हणत. आज माझी नातवंडं मॉलमध्ये काचेआडच्या बर्फावर तोच मासा बघतात आणि म्हणतात, "दादी, नो फिश टुडे, प्लीज."

शेजारी उम्म सालेम राहायची. तिच्या तोंडावर तिथल्या बायका घालत तो कडक, चकाकणारा मुखवटा असायचा. भुवया आणि नाक झाकून फक्त डोळे दिसायचे. पहिल्या दिवशी मी तिला घाबरून आत पळाले. दुसऱ्या दिवशी ती खजूर आणि गहवा, त्यांची बिनदुधाची कॉफी, घेऊन दारात उभी. "तआली," म्हणाली. ये. मला कुराण वाचता यायचं, पण तिचं बोलणं त्यातलं वाटेना. मी आईचं ऐकलं, लाजले नाही, बसून खाल्लं. गहवा कडू लागला म्हणून तोंड वाकडं केलं तेव्हा ती मुखवट्याआडून खळखळून हसली. मग तिने मला तो मुखवटा वर करून आपला चेहरा दाखवला. साधा, सुरकुतलेला, आपल्या फुफीसारखा.

तिचा नवरा, अबू सालेम, तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारायचा. तो धंदा बसला होता. मुलगा सालेम कमवायला कुवेतला गेला होता, वर्षातून एकदा घरी यायचा, आणि सून आमना सासूजवळ होती. म्हणजे आपल्या गावासारखंच. आपले पुरुष त्यांच्याकडे आले होते, त्यांचे आणखी कुठे गेले होते, आणि बायका सगळीकडे वाट बघत होत्या.

तिथे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मला मूल नव्हतं, म्हणून मी नुसती हिंदिया, हिंदुस्थानची बाई, होते. युसूफ झाला आणि मी उम्म युसूफ झाले, युसूफची आई. उम्म सालेमच्याच हातावर तो झाला. तिने त्याच्या तोंडात टाळूला चावलेला खजूर लावला आणि गल्लीभर सांगत सुटली. तो गोरा होता, खतू, आणि त्याच्या हनुवटीला आईसारखी खळी होती. तुम्हा कोणाला तो दिसला नाही म्हणून सांगते.

त्या उन्हाळ्यात हवेत इतकी वाफ होती की कपडे अंगावर वाळत नसत. युसूफ तेव्हा पालथा पडायला शिकला होता. सकाळी त्याला जुलाब सुरू झाले आणि दुपारी ताप. हे लाँच घेऊन दूर समुद्रात गेले होते. उम्म सालेमने त्याला एकदा हातात घेतलं आणि लगेच उठली. "यल्ला," म्हणाली. चल. दवाखाना खाडीच्या पलीकडे होता. आम्ही दोघी भर उन्हात धक्क्यावर गेलो. नावाडी माणसं भरण्याची वाट बघत होता. ती त्याच्यावर अशी कडाडली की त्याने आम्हा दोघींनाच घेऊन होडी सोडली.

डॉक्टरने खूप धडपड केली. सुई टोचली, पाणी चढवलं, माझ्याशी हिंदीत बोलला, "बहन, बच्चा बहुत सूख गया है." आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. मी युसूफची पावलं चोळत होते. ती गार लागायला लागली, तरी मला वाटलं की ताप उतरतोय. मी आनंदाने उम्म सालेमला म्हणाले, "बघ, उतरला." तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. मग माझा हात धरून मला लेक म्हणाली. "खलास, या बिन्ती."

खलास हा शब्द मी रोज धक्क्यावर ऐकायची. पोती उतरवून झाली की हमाल तसं ओरडत.

त्याला अबू सालेमने नेलं. बायका कब्रस्तानात जात नसत. मी दारात उभी राहून बघत होते. त्या म्हाताऱ्याच्या हातावरचं पांढरं गाठोडं इतकं लहान होतं की त्याच्या मागे चालणारी माणसं उगीचच जास्त वाटत होती. हे परत आले तोवर माती टाकून झाली होती. यांनी धक्क्यावरच ऐकलं. घरी येऊन झोळीची दोरी सोडली, गुंडाळली, आणि बराच वेळ हातात घेऊन बसले.

माझं दूध मात्र थांबत नव्हतं. छाती दगडासारखी व्हायची, पोलकं भिजायचं. त्याच सुमारास आमनाला मुलगा झाला. बाळंतपणात तिला मोठा ताप भरला आणि तिला दूधच येईना. शेळीचं दूध पोराला पचेना. झावळ्यांच्या भिंतीतून सगळं ऐकू येई. ते पोर रडलं की माझं दूध वाहायला लागायचं. आणि मी रडले की पलीकडे उम्म सालेम पोराला घेऊन अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात जायची, मला ऐकू येऊ नये म्हणून. तिने एकदाही मला विचारलं नाही. ज्या बाईचं मूल तिने हातावर गेलेलं बघितलं, तिला ती विचारणार तरी काय?

एका दुपारी पोराचं रडणं बारीक होत गेलं. युसूफचं शेवटी झालं होतं तसं. मी उठले आणि तिच्या अंगणात गेले. हात पुढे केले. उम्म सालेमने पोराला छातीशी धरलं आणि मान हलवली. नको म्हणून नव्हे. तिला मला काही समजावायचं होतं. तिने पोराकडे बोट केलं, मग माझ्याकडे. "इब्निक," म्हणाली. तुझा मुलगा. मला माहीत होतं. आपल्या धर्मात दूध पाजणारी आईच होते, तिच्या मुली त्याच्या बहिणी होतात. हे दारात येऊन उभे राहिले होते. हळूच म्हणाले, "जैबू, विचार कर. उद्या ते हवे तिथे जातील. मुलगा त्यांचाच राहील."

मी म्हणाले, "भूक लागलीय त्याला."

त्याने ओढायला सुरुवात केली तेव्हा माझ्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी परत कधी काढला नाही. उम्म सालेमने माझं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं. मी एका पोराला पाजत होते आणि दुसऱ्यासाठी रडत होते, आणि ते दूध दोघांचं होतं.

त्याचं नाव मुबारक. आमना बरी झाली, पण तिला दूध आलं नाही, म्हणून तो माझ्याच अंगावर वाढला. आमनाला तो उम्मी म्हणायचा. मला काय म्हणायचं, हा प्रश्न आला तेव्हा मी त्याला शिकवलं, आई. त्या अख्ख्या गल्लीत हा शब्द फक्त त्याला येत होता. गल्लीतल्या बायका मात्र मला उम्म युसूफच म्हणत राहिल्या. कोणी ते नाव माझ्याकडून काढून घेतलं नाही.

मुबारक पळायला लागला तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा गावी आलो. तुला आठवत असेल. आईने मला दारातच धरून ठेवलं आणि विचारलं, "लेकराला खंय ठेवलंस गो?" मी काय सांगणार? मलाच ती जागा माहीत नव्हती. मग दिवसभर ती मला खायला घालायची आणि म्हणायची, आता जाऊ नको. यांनाही दाभोळला काम मिळत होतं. सगळं जुळत होतं. आणि मी, जी जाताना रडत गेले होते, ती जेवताना हात थांबवून बसायची. मुबारक आता कोणाकडे मागत असेल?

आईला ते दिसलं. एक दिवस चुलीपुढे बसून म्हणाली, "तुझं तिथं हाय तरी काय? एक माती, आनि एक दुसरीचं पोर."

तेवढंच होतं माझं तिथे.

दुसऱ्यांदा निघाले तेव्हा आई बंदरावर आली नाही. कोकमाचा डबा उंबऱ्यावर ठेवला होता. पडावात मला बसवायला तू आणि बाबा होतात. पेटी कडेलाच ठेवली गेली, कोणी भांडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. कोकणच्या बोटी बंद होत्या, त्यामुळे बातमी फार उशिरा, बुरोंडीच्या एका खलाशाच्या तोंडून आली. मी अंगणात बसले होते. उम्म सालेम माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मुबारक आला, आपल्या कंदुऱ्याच्या, त्या लांब झग्याच्या, टोकाने माझं तोंड पुसायला लागला आणि त्याने विचारलं, कोण मेलं. मी म्हणाले, "आई."

तो गोंधळला. माझ्या गालाला हात लावून बघितला आणि आजीला म्हणाला, "आई तर इथे आहे."

खतू, नंतरचं तुला माहीत आहे. नसरीन झाली, इम्तियाज झाला. रुपया गेला, पुढे दिरहॅम आले. बरस्त्या जाऊन तिथे इमारती आल्या. सालेम कुवेतहून परतला आणि त्यांना लांब, पक्कं घर मिळालं. त्यांचं सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मुबारक माझ्या दाराची झावळी धरून बसला होता. त्याची बोटं आमनाने सोडवली, कारण मला ती सोडवता येईनात. पण तो येत राहिला. आधी आजीबरोबर, मग सायकलवर, मग गाडीतून. नसरीनच्या निकाहात तो भाऊ म्हणून उभा होता. हे गेले तेव्हा इम्तियाजच्या बरोबरीने कबरीत उतरून यांना त्याने ठेवलं.

युसूफची जागा त्याला ठाऊक आहे. अबू सालेमने मरायच्या आधी त्याला तिथे नेऊन सांगितलं होतं, हा तुझा भाऊ. आता त्या कब्रस्तानाला भिंत आहे आणि भोवती चौपदरी रस्ता. गेल्या ईदला मुबारक मला गाडीतून घेऊन गेला. मी भिंतीबाहेर गाडीतच बसले. तो आत गेला, पांढऱ्या कपड्यांत, दाढी पिकलेला माणूस, आणि एका जागी वाकून त्याने दोन लहान दगडांवरची वाळू हाताने सारली. मग माझ्याकडे वळून हात वर केला, मला कळावं म्हणून. मी काचेतून बघितलं. इतकी वर्षं या शहरात राहून कुठे बघून सलाम करायचा ते माहीत नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं.

परवा फोनवर तू म्हणालीस की आईच्या कबरीशेजारची जागा तू माझ्यासाठी राखून ठेवली आहेस, जमातीला सांगून ठेवलं आहेस, आता इम्तियाजची नोकरीही संपत आली, तेव्हा ये. मी फोनवर इन्शाल्ला म्हणाले आणि ठेवला. मग सगळी दुपार खिडकीशी बसून राहिले. माझ्या मुलांना ते गाव सुट्टीपुरतं माहीत, आणि माझ्या पासपोर्टावर अजून तेच आहे. इथे मी व्हिसावर आहे. इथलं कोणी मला इथली म्हणत नाही, आणि दाभोळला आले की पोरं मला दुबईवाली दादी म्हणतात.

आईजवळ निजावं असं मला फार वाटतं, खतू. तिने मला त्या दिवशी जवळ घेतलं नाही, ते राहून गेलंय. पण बाईला कबरीत तिच्या हक्काच्या माणसाने उतरवायचं असतं, आणि दुधाच्या मुलाला तो हक्क आहे. दाभोळपर्यंत मुबारक वेळेत पोहोचणार नाही. मला कबरीत कोण उतरवणार, असं मी त्याला विचारलं तेव्हा तो माझ्या पायांवर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "आई, मीच."

तेव्हा ती जागा तू घे. आईला सांग, जैबू लांब आहे, पण उपाशी नाही.