भाजीच्या क्रेटमधली कुस्ती

तो नियम माझ्याच डोक्यातून निघाला, हे आधी सांगून टाकतो. घरात अजून सगळे दादालाच बोल लावतात.

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना वहिनीला श्रीखंडाचा एक जुना डबा सापडला. आत आमची कुस्ती होती. शाळेत असताना टीव्हीवरच्या मारामाऱ्या बघून आम्ही दोघा भावांनी बनवलेला खेळ: पुठ्ठ्याचे बोटभर पहिलवान, दोन फासे, आणि कुठल्या आकड्याला कुठला डाव ते लिहिलेली वही. माझा लाल चड्डीवाला, दादाचा काळा मुखवटेवाला. आईने हा कचरा इतकी वर्षं जपून ठेवला होता. दादा आणि मी तेव्हा कामापुरतंच बोलत होतो. डबा बघून दोघंही हसलो, आणि पुढच्या आठवड्यापासून मी दर रविवारी दुपारी विरारहून त्याच्याकडे खेळायला जाऊ लागलो.

आमचं गाव वसईच्या खाडीकाठी, माझ्या फ्लॅटपासून स्कूटरवर अर्धा तास. दादा तिथेच भाजीची वाडी करतो. आई त्याच्याकडेच असायची. शेवटचं दीड वर्ष ती अंथरुणावर होती. 'रविवारी येतो' म्हणून मी सांगून ठेवायचो; त्या दीड वर्षात मी किती वेळा गेलो, ते मला विचारू नका.

पिंजऱ्यातली कुस्ती हा आमचा लहानपणापासूनचा मानाचा सामना. जो आधी पिंजऱ्याबाहेर पडेल तो जिंकला. पूर्वी आम्ही पिंजरा काड्यापेट्यांचा करायचो. आता दादाने भाजीच्या एका फुटक्या क्रेटचा तळ कापला आणि तो पाटावर ठेवला. चारी बाजूंना जाळी, वरून मोकळा. पिंजरा झकास, पण खेळ अगदीच मिळमिळीत व्हायचा. दोन फाशांत मिळून दहा पडले की पहिलवान सुटला, पाच मिनिटांत कुस्ती संपली. मला मिळमिळीत काही सोसत नाही, म्हणून मी वहीत नवा नियम लिहिला.

आता जाळीची चार घरं एकेक करून चढायची. सातच्या वर पडलं की एक घर वर. पण वरचा चढत असताना खालच्याने त्याला झोंबेल असं काहीतरी बोलायचं. वरच्याने उलट उत्तर दिलं, की तो एक घर खाली. गप्प राहिला, तर पुढचा फासाही त्याचाच.

"खरं बोललेलं चालंल?" दादाने विचारलं.

"खरंच बोलायचं. नाहीतर झोंबणार कसं?"

पहिले काही रविवार धमाल आली. दादा माझ्या ढेरीवर घसरायचा, दहावीच्या मार्कांवर घसरायचा, आणि मला तोंड आवरायचं नाही. मी फाडकन काहीतरी बोलायचो आणि माझा लाल चड्डीवाला खाली. वहिनी स्वयंपाकघरातून हसत बघायला यायची. असे ओळीने चार सामने हरलो. पाचव्या रविवारी स्कूटरवरच ठरवलं, आज काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

पहिल्या घराला दादाने ढेरी काढली. मी गप्प. दुसऱ्याला मार्क. मी गप्प. तिसऱ्या घराला दादा माझ्याकडे न बघता मुखवटेवाल्याला बोटांत फिरवत म्हणाला,

"आई रोज इचारायची, आज रविवार हाय काय गं? तुजी वहिनी सांगायची, नाय, उद्या हाय. रविवारी पन तेच सांगायची."

वहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली. बोलायला शब्द होते, ऑफिस होतं, पाठदुखी होती, सगळी नेहमीची कारणं तयार होती. पण मी नियम धरून बसलो. खरं सांगतो, तो नियम आहे याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं. मी फासे टाकले. नऊ. लाल चड्डीवाला चौथ्या घरावर चढला, क्रेटच्या काठावरून बाहेर आला आणि पाटावर आडवा पडला.

"जिंकलास," दादा म्हणाला. त्याने वही ओढून माझ्या नावापुढे फुली मारली, पेन खिशाला लावलं. "तवा पन असाच गप ऱ्हायलास. फोन केला की गप." मग पिंजरा उचलून बाजूला ठेवला. "आता कुस्ती संपली. आता बोल."

आता उत्तर दिलं तरी कुणी खाली येणार नव्हतं. तरी ऑफिस, पाठदुखी, काहीच तोंडाशी येईना. शेवटी जे होतं तेच बोललो.

"मला तिला तसं बघवत नव्हतं, दादा."

त्याने फासे डब्यात टाकले, पहिलवान टाकले, झाकण दाबून बसवलं. ते नीट बसेना. पुन्हा दाबलं.

"मना बघवत होतं काय?" तो म्हणाला.