टॉवेलखालचा तिसरा हात

भुताखेतांच्या गोष्टी मी कामाचा भाग म्हणून ऐकल्या आहेत. शिरूरला एका दैनिकाचा बातमीदार होतो, तेव्हा अमुक विहिरीवर बाई दिसते, तमुक वळणावर गाड्या बंद पडतात, असे फोन अधूनमधून यायचेच. मी जायचो, चार माणसांशी बोलायचो आणि बहुतेक वेळा जागेच्या वादाची बातमी घेऊन परतायचो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हा नव्हता. आज आहे का, हे विचारू नका. खाली मी जे स्वतः पाहिलं, जे दुसऱ्याने सांगितलं आणि जे मला नुसतं वाटलं, ते वेगवेगळं ठेवायचा प्रयत्न केला आहे.

साल २००८ च्या आसपासचं. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला असलेली बरीच पोरं कारेगावात खोल्या करून राहायची. त्यांतल्या अनेकांच्या घरी मेंढरं. सुट्टीच्या दिवशी ही पोरं सायबर कॅफेत बसायची. त्यांनी तेव्हाच्या एका सोशल साइटवर मेंढ्या-बोकडांच्या खरेदी-विक्रीची कम्युनिटी काढली होती. जनावराचा फोटो टाकायचा, वय आणि किंमत लिहायची, खाली फोन नंबर. मी त्यावर एक लेख लिहिला, आणि ऑफिसात नेट आहे म्हणून त्यांनी मलाही मॉडरेटर करून टाकलं.

कम्युनिटीत सगळ्यात वजनदार नाव सोपानआप्पांचं. पाटसजवळच्या वस्तीवरचे मेंढ्यांचे व्यापारी – आमच्याकडे त्यांना हेडी म्हणतात. आप्पांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. त्यांचा पुतण्या दत्ता कारेगावात राहायचा, तोच त्यांच्या नावाने सगळं टाकायचा. फोटोत दिसला तोच मेंढा हातात मिळणार, ही आप्पांची ख्याती.

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर टॉवेल नाहीतर उपरणं टाकतात आणि बोटं दाबून आकडे सांगतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोघांनाच कळतं. प्रत्येकाच्या हाताची एक लकब असते. आप्पा आकडा सांगण्याआधी समोरच्याच्या तळव्यावर अंगठा एकदा दाबायचे. त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट एका मेंढ्याच्या धडकेने कायमचं वाकलेलं होतं. आणि जनावरात खोट असेल, तर ते आकडा न देता समोरच्याची बोटं मिटवून त्याची मूठ करायचे. म्हणजे, राहू दे, घेऊ नको.

त्या वर्षी कम्युनिटीत दुसरे सोपानआप्पा उगवले. नाव तेच, फोटो तोच, ‘राम राम मंडळी’ ही सुरुवातही तीच. हा माणूस सभासदांना खासगी मेसेज करायचा – मेंढा चांगला आहे, गिऱ्हाईक थांबलंय, टोकन बँकेत भरा. काहींनी भरलं. मेंढा आला नाही. आम्ही अकाउंट बंद केलं की दुसऱ्या दिवशी नवं तयार. शेवटी तर त्याने जाहीर लिहिलं, की दत्ता चालवतो तेच अकाउंट खोटं आहे, सावध राहा.

मी दोन्ही अकाउंटना प्रश्न पाठवले. बोट कशाने वाकलं? पहिला मेंढा कुठल्या गावात विकला? दोघांची उत्तरं बरोबर आली. खोट्याचं उत्तर आधी आलं.

तिथून माझा संशय घरातच वळला. माहिती घरची, नाव घरचं, मग पैसे तरी बाहेर कशाला जातील? दत्ता आणि आप्पा मिळून दोन अकाउंट चालवतात – एकाने इभ्रत सांभाळायची आणि दुसऱ्याने कमवायचं – असं मी गृहीत धरून चाललो होतो.

फसलेल्यांत निमोण्याचा निवृत्ती होता, रांजणगावच्याच एका कंपनीत ऑपरेटर. त्याने पूर्वी आप्पांकडून बाजारात दोनदा मेंढे घेतले होते. तो तडक पाटसला गेला. त्यानेच नंतर सांगितलं, की आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला हात पुढे केला. म्हणाले, “हात दे, मग काय ते बोल.” निवृत्तीने हात दिला नाही. तसाच परत आला, आणि काय झालं ते त्याने कम्युनिटीत लिहून टाकलं.

त्यानंतरच्या दौंडच्या आठवडे बाजारात आप्पा दिवसभर बसून राहिले. राम राम सगळ्यांनी केला. टॉवेलखाली हात मात्र एकानेही घातला नाही. आयुष्य ज्या बाजारात गेलं, तिथून ते सगळे मेंढे परत घेऊन गेले. संध्याकाळी त्यांनी दत्ताच्या मोबाइलवरून मला फोन लावला.

“सायेब, त्या मशीनमधलं माझं नाव पुसून टाका.”

मी म्हटलं, आप्पा, ते माझ्या हातात नाही. तो दुसरा आप्पा बंद केला की उद्या नवा उगवतो, पुसणार कसं?

“मंग माझं हाय ते तरी पुसा. न्हाईतरी बाजारात त्याला आता कोन इचारतंय.”

खरं सांगायचं तर तेव्हा मला ते नाटक वाटलं.

सापळ्याची कल्पना निवृत्तीची. त्याने दुसऱ्या नावाने खोट्या आप्पांशी बोलणं लावलं. मेंढ्यांची मोठी जोडी घ्यायची आहे, पण बँकेत खातं नाही, रोख देतो, दौंडच्या बाजारात या. चार-पाच दिवस टाळाटाळ झाली. मग उत्तर आलं – मी आजारी आहे, पुतण्या येईल. निवृत्तीने आणखी एक अट घातली, की सौदा टॉवेलखाली होईल. “नेटवर कुनीबी काय बी शिकतंय,” तो मला म्हणाला. “बोटांचं गणित कुठं लिवलेलं न्हाई. पुतण्या खरा असंल तर त्याला येनार, न्हाईतर थितंच घावंल.”

मला हे पटलं. पण पुतण्या खराच निघाला तर आप्पा त्या वेळी कुठे आहेत, हेही मला माहीत असायला हवं होतं. म्हणून बाजाराच्या दिवशी मी आप्पांना शिरूरला माझ्या ऑफिसात बोलावलं. कारण सांगितलं की तुमच्या धंद्यावर लेख लिहायचा आहे. सापळ्याबद्दल त्यांना सांगितलं नव्हतं. दत्तालाही नाही.

आप्पा एसटीने आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर उपरणं. माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. शिरूर आणि दौंडमध्ये भीमा आहे, आणि रस्त्याने दीड तास तरी लागतो. ते माझ्या नजरेसमोर होते, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. मधे एकदाही उठले नाहीत.

मी प्रश्न विचारत होतो, ते बेताने उत्तरं देत होते. घोडी-मेंढरं घेऊन फिरायचे दिवस, वाटेतले मुक्काम, आता कालव्याच्या पाण्यावर केलेला ऊस. चहा आला. दोन घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. उपरणं मांडीवर पसरलं होतं, उजवा हात त्याखाली होता. बोलता बोलता ते अर्ध्या वाक्यात थांबले. उपरणं हलायला लागलं. सवयीने आकडे मोजत असतील असं मला वाटलं. मग उपरण्याबाहेर राहिलेल्या मनगटावरची शीर तटतटून वर आली – एखादं ओढाळ जनावर धरल्यावर येते तशी. चेहऱ्यावर काही नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते... हे शेवटचं वाक्य निरीक्षण नाही, माझं वाटणं आहे.

मग हलक्या आवाजात म्हणाले, “राहू दे. ह्यो सौदा न्हवं.”

कुणाला म्हणताय, मी विचारलं.

“कुठं काय म्हनलं,” असं बोलून त्यांनी पाणी मागितलं. ग्लास डाव्या हाताने घेतला.

कपातला चहा अजून गरम होता, तेवढ्यात माझा फोन वाजला. निवृत्तीचा. मागे बाजाराचा गलका.

“घावला,” तो म्हणाला. “पर सायेब, आप्पा कुठं हायती?”

माझ्यासमोर बसलेत, मी म्हटलं.

 मग तो म्हणाला, “नीट बघा.”

तिथे घडलं ते निवृत्तीने नंतर सांगितलं ते असं. ठरल्या जागी एक पंचविशीचा पोरगा आला. शर्ट इन केलेला, पायात बूट. आप्पांचा पुतण्या म्हणून त्याने नाव सांगितलं दत्ताचं. निवृत्तीने हात पुढे केला आणि वर टॉवेल टाकला. पोराचा हात घामेजलेला, बोटं नुसतीच धरलेली. याला काही येत नाही, हे निवृत्तीला तिथेच कळलं. तो आता ओरडणार, तोच तळव्यावर अंगठा दाबला गेला. एकदा. मग एक वाकडं बोट त्याच्या बोटांवरून फिरलं आणि कुणीतरी त्याची मूठ मिटवली. घट्ट.

“तवा त्या पोराचा हात माझ्या हातातच व्हता,” निवृत्ती म्हणाला. “त्यो येगळा. ह्यो येगळा.”

त्याच क्षणी पोराने हात ओढायचा प्रयत्न केला, आणि तो निघेना. त्याने दुसरा हात टॉवेलखाली घालून ओरबाडलं. “सोड, सोड” करत तो खाली बसला. माणसं जमली. टॉवेल काढला तेव्हा खाली दोघांचेच हात होते. पोराला त्यांनी पोलिसांच्या ताब्यात दिलं.

फोन ठेवल्यावर मी आप्पांना उजवा हात दाखवायला सांगितलं. त्यांनी काही न विचारता पुढे केला. हाताच्या पाठीवर नखांचे चार ओरखडे होते, त्यातला एक ओला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, मेंढराच्या दाव्यानं कापलं असंल. कप घेताना ते ओरखडे मला दिसले नव्हते. पण तेव्हा मी हाताकडे बघतही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दौंडला जाऊन मी पोलिसांच्या परवानगीने त्या पोराशी बोललो. तो बाहेरच्या जिल्ह्यातला, आप्पांच्या घराशी काडीचा संबंध नाही. आप्पांची माहिती कुठून मिळाली, हे त्याने सरळ सांगितलं – दत्ताने दोन वर्षांत आप्पांचे किस्से म्हणून जे जे टाकलं होतं, ते त्याने वाचून काढलं होतं. वाकडं बोट, पहिला मेंढा, सगळं तिथेच होतं. मी ते तपासलं. खरं निघालं. माझा संशय तिथे संपला.

उठताना त्याने मला विचारलं, “तो म्हातारा कोण होता? टॉवेलखाली तिसरा हात होता ना, त्याचा?”

म्हातारा कशावरून, मी विचारलं.

“कातडी म्हाताऱ्याची होती,” तो म्हणाला, आणि आपलं मनगट दुसऱ्या हाताने झाकून बसला.

बातमी चार ओळींची दिली. तोतया अटकेत, अनेकांची फसवणूक. हाताचा उल्लेख नाही.

मी पुष्कळ शक्यता तपासल्या. आप्पांना सापळ्याचा सुगावा लागला असेल आणि त्यांनी माझ्यासमोर सोंग केलं असेल – मग निवृत्तीला दौंडला काय लागलं? निवृत्तीला भास झाला असेल – मग त्या पोरालाही तोच कसा झाला? ओरखडे आधीचे असतील. असू शकतात. पण निवृत्ती, तो पोरगा आणि मी, आम्हा तिघांना आपसांत काही ठरवायला वेळ मिळालेला नव्हता, आणि तिघांचं सांगणं एकमेकांना धरून होतं. बातमीदाराला एवढा पुरावा एरवी पुरतो.

पुढच्या बाजारात मी मुद्दाम गेलो. निवृत्ती सगळ्यांसमोर आप्पांजवळ गेला आणि त्याने स्वतःचा टॉवेल खांद्यावरून काढून पुढे धरला. आप्पांनी त्याला जरा वेळ तसंच उभं ठेवलं. मग हात घातला. काय ठरलं मला कळलं नाही, पण टॉवेल निघाला तेव्हा निवृत्ती डोळे पुसत होता आणि मागे आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती.

गर्दी कमी झाल्यावर मी आप्पांच्या शेजारी बसलो. सरळ विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय केलंत?

त्यांनी उपरणं झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकलं. 

“तुमी मला लेखासाठी न्हाई, नजरंखाली ठिवायला बलीवलं व्हतं,” आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. “ठिवलं ना? मंग तुमीच सांगा सायेब. मी कुठं व्हतो?”

मी त्यांच्यावर पूर्ण वेळ लक्ष ठेवलं होतं. समोरच्या खुर्चीत, एवढंच मी आजही लिहू शकतो.