गाळलेली पायरी

बोईसरला माझ्या समोरच्या खोलीत तो एकटा राहतो. मूळचा घिवलीचा. कंपनीतून आला की चपला काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू करतो. मेल धाडणं, बिलं जागच्या जागी लावणं असली कामं आपोआप करणारा एक फुकटचा प्रोग्राम आहे. तो कुणालाही घरच्या मशीनवर एका बटणात बसवता यावा, म्हणून हा हौसेनं त्याचं पॅकेज बनवतो. दर वेळी सगळं पुसतो आणि अनोळखी माणसासारखं पहिल्यापासून बसवून बघतो.

परवा मीही ते बसवलं. त्यानं लिहिलेल्या सूचनांत स्वल्पविरामसुद्धा जागेवर होते. फक्त पहिला पासवर्ड कुठे मिळतो, तेवढंच नव्हतं.

संध्याकाळी मी त्याच्या दारात उभा राहिलो. "अरे, एक पायरी राहिली तुझी."

"राहिली नाय, ठेवलीय," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "सगळं नीट चाललं तर कोन बोलतंय आपल्याशी? अडला तर इचारतो तरी."

"मग विचारतात?"

"तू पयला."

त्यानं खोलीतल्या दुसऱ्या एकुलत्या खुर्चीवरचे कपडे उचलले.

पासवर्ड मला दुपारीच सापडला होता. मी बसलो आणि विचारलं.