छिद्रांचा कौल

१४ मे. आमसुलांसाठी रातांब्यांच्या साली रसात बुडवून उन्हात घालायच्या आहेत. शेजारची काकी असती तर आधी आभाळाकडे बघून म्हणाली असती, "थांब गो, देवाक इचारून सांगतंय." गाय विकायची असो की कौलं बदलायची, गुरव देवाच्या अंगाला पाकळ्या लावणार, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार; हाच कौल. तुमच्याही वाडीत अशी एखादी असेल.

तिच्या स्वादुपिंडाच्या टोकाला गाठ निघाली. शहरातले डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून, चार-पाच छिद्रांतून काढू. देवाने होकार दिला. तिच्यासोबत मी गेले.

आदल्या संध्याकाळी डॉक्टर सही घ्यायला आले. "आत रक्तस्राव झाला तर पोट उघडावं लागेल. त्यालाही संमती हवी."

"मी देवाक भोकांचा इचारलंय. फाडूचा इचारूक नाय."

"मावशी, सहीशिवाय मी हात लावणार नाही. आणि गाठ थांबणार नाही."

काकीने तोंड भिंतीकडे वळवलं. मी गावी गुरवाला फोन केला. देऊळ बंद झालेलं, कौल सकाळीच. डॉक्टरांना विनवून ऑपरेशनच्या यादीत तिचा नंबर दुसरा करून घेतला. सकाळी ती उपाशी पडून होती आणि मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. बसवेचना.

गुरवाचा फोन आला. "डावो पडलो."

मी आत जाऊन काकीला सांगितलं. काकीने फोन ओढून घेतला. "काय इचारलंस रे?"

"काकीचा पोट फाडू काय, असा."

"मेल्या, तसा इचारल्यार खंयचो देव हो म्हणतलो? डाक्टराच्या हाती सोपवू काय, असा इचार!"

"एकदा इचारल्यार पुरे, काकी."

"माझो जीव जाताहा आणि तू नियम सांगतंस? लाव पाकळी!"

आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. स्ट्रेचर दारात येऊन उभं राहिलं. मग पलीकडून आवाज आला, "उजवो!"

तिने सही केली.

आत रक्तस्राव झालाच. पोट उघडावं लागलं. गाठ निघाली आणि काकीला पुढे बरीच वर्षं मिळाली. गेली ती गेल्या हिवाळ्यात, झोपेत. पण मला आठवते ती ऑपरेशननंतरची सकाळ. तिने डोळे उघडले, पोटावरची लांब पट्टी चाचपली.

"फाडल्यानी?"

"फाडल्यानी," मी म्हटलं. लपवून काय करायचं होतं?

तिने पट्टीवरून हात काढला. "म्हणजे तो डाक्टर बिचारो किती वेळ उभो रवलो असतलो. जेवलो तरी काय गो?"

मी उठले आणि डॉक्टरांना शोधायला गेले.