काकांचा तुकडा

आई गेली आणि तिच्या गोधडीचा प्रश्न आला. आमच्याकडे तेरवीला अंथरूण-पांघरूण दान करतात. काका म्हणाले, नवं ब्लँकेट चालणार नाही, जे अंगावर घेतलं तेच द्यायचं. मला ती गोधडी हवी होती, पण काका ऑफिसात मोठे साहेब होऊन निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर मी नुसती मान डोलावते.

दानाआधी त्यांनी ती बैठकीत पसरली. घरातल्या सगळ्यांचे जुने कपडे आईने तिच्यात शिवले होते. काका बोट ठेवून सांगू लागले. हा दादाचा, म्हणजे माझ्या बाबांचा, सफारी. हे माझ्या बारशाचं झबलं. मधल्या निळ्या पट्ट्यांच्या तुकड्यापाशी त्यांचा आवाज जड झाला.

"हा आमच्या वडिलांचा, तुझ्या आजोबांचा कोट. हा घालूनच ते कचेरीत जायचे." त्यांनी तुकडा डोळ्यांना लावला. मग मलाही लावायला लावला.

बोरी अरबहून आलेली आत्या, काकांची थोरली बहीण, सुपारी कातरत होती.

"काहून डोळ्याले लावून राह्यला रे? ते तुही चड्डी आहे."

"ताई, काहीतरीच बोलू नकोस."

"गादीचं कापड उरलं होतं, वहिनीनं शिवून देल्ली तुले. शाळेत घालून जाय म्हटलं तं दारात लोळला होता. हे पाय, नेफा. कोटाले नाडी राह्यते काय?"

काकांनी चष्मा पुसला. नेफा होता. नाडीचं एक टोकही होतं.

"पायजमा असेल," ते म्हणाले.

"एवढुशा पायाचा?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. हसू आलं होतं, आणि सुतकात हसावं की नाही हे मी कुठे वाचलेलं नव्हतं.

तेवढ्यात काकांच्या मनात दुसरंच आलं असावं. गुरुजी स्कूटरवरून येतात. दान मागे बांधून आमच्या अख्ख्या कॉलनीतून जातात, आणि या कॉलनीत निम्मे लोक काकांच्याच ऑफिसातले.

"शास्त्राप्रमाणे नवं वस्त्रच उत्तम," काका म्हणाले. "बाजारातून ब्लँकेट आणा. ही राहू दे घरात. पाहुणे आले की उलटी घालत जा म्हणजे झालं."

आत्याचा अडकित्ता थांबला. "उलटी नाही घालाची. त्या अंगानं माहा परकर आहे."

बराच वेळ दोघं भांडले. गोधडी सुलटी दाखवायची नाही, उलटीही दाखवायची नाही, असं ठरलं. म्हणजे ती कोणाला तरी कपाटात ठेवावी लागणार होती, आणि आमच्यात सगळ्यांत कमी पाहुणे माझ्या घरी येतात.

सध्या यवतमाळात थंडी आहे. मी ती रोज घेते. पट्टे आतल्या बाजूला ठेवते, ते कापड जास्त ऊब देतं.