पिशवीत न मावलेलं पुस्तक

शैलाकाकूंचं नाव आधी घेते. सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी करोल बागेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता, पुन्हा वाचायला शिकवलं; आणि हे लिहिलेलंही दोनदा ऐकून घेतलं. "यातलं काही काढू का?" मी घाबरत विचारलं. "एक ओळही नाही," म्हणाल्या. त्यांचे यजमान, आमचे आप्पा, जाऊन सहा आठवडे झाले. ते गेले त्या सकाळी काकूंचाच फोन आला होता. "सुमन, आज पोळ्या नकोत, पण तू ये," एवढंच...

मी आटपाडीकडची. नवरा इथे सोनं गाळायच्या दुकानात, म्हणून मी दिल्लीत, आणि काकूंकडे स्वयंपाकाला. आप्पा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, जिभेला भारी धार. मे महिन्यात दोघं पहाडात जायचे, मलाही न्यायचे. आदल्या दिवशी पलंगावर पुस्तकं मांडायची आणि ज्याला जे न्यायचं असेल त्याने त्याचं पहिलं पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, हा आप्पांचा नियम. तीनदा अडखळलं की पुस्तक परत कपाटात. पाहुणे बसलेले असले तरी सुटका नाही. "ऐका हं, आमची सुमन आता जोडाक्षर फोडणार, नारळ फोडावा तसं!" सगळे हसायचे. मीही हसायचे, कान तापलेले असायचे. मग मी जाडी बघूनच पुस्तक निवडायला लागले, सगळ्यांत बारीक, सगळ्यांत मोठ्या टायपाचं. पण हेही खरं, की 'तुझं पुस्तक तू निवड' असं त्याआधी मला कुणी म्हटलंच नव्हतं.

यंदा आप्पांची नजर पार गेली होती. "पानिपतावरचं ते जाड घे," ते म्हणाले. "पानिपतच्या लढाईचं स्मारक बघायला काला अंबला गेलो होतो तेव्हापासून पुन्हा वाचायचं राहिलंय. तू वाच, मी ऐकतो." मी ते उघडून पाहिलं. पहिल्याच ओळीत जीभ अडकली. आठ दिवस, रोज, त्यांच्यासमोर... मी ते हळूच कपाटात सरकवलं.

"आप्पा, पिशवीत मावत नाही."

"अच्छा. लोणच्याची बरणी मावली?"

"हो."

"चलो, मग झालं."

पहाडात मी त्यांना लहान मुलांच्या, प्राण्यांच्या गोष्टी वाचून दाखवल्या. चौथ्या दिवशी त्यांनी हात वर केला. "पिशवीचं काही नव्हतं. तू घाबरलीस. शाळेतून पळालीस तशीच." मी पळाले नव्हते, धाकट्या भावंडांना सांभाळायला मला काढलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. जन्मात कुणाला उलट न बोललेली मी म्हणाले, "मग तुम्हीच वाचा की. दिसतंय का?"

 उरलेले दिवस आप्पा व्हरांड्यात नुसते बसून राहिले. पुस्तक मागितलं नाही, ना तिथे, ना दिल्लीत परतल्यावर. महिन्याभरात गेले. त्यांना शेवटचं हवं होतं ते मी दिलं नाही, आणि दिलं ते हे वाक्य.

पहाडात मी ते बोलले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्यांच्या मुलाने फोनवर विचारलं, "बाबा इतके गप्प का?" तर म्हणाल्या, "पहाडातली हवा, दुसरं काय." तेराव्यानंतर मी त्यांच्यापुढे रडले. काकू धुतलेले डबे पुसत होत्या.

"मलाही वाचायला लावायचे," त्या म्हणाल्या. "नवी नवरी होते मी. सासूबाई, दीर, सगळे बसलेले. दुसऱ्या वर्षी मी सोडूनच दिलं."

"मग तुम्ही कुठलं पुस्तक न्यायचात?"

"माझ्या पिशवीत औषधं असायची गं. सगळ्यांची."

इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर गेले, त्यांचीच पिशवी भरली, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. आप्पांचं पलंगावरचं अंथरूण काकूंनी अजून काढलेलं नाही, परवा त्यावर मी दोन-चार पुस्तकं मांडली आणि म्हटलं, "निवडा." त्या नुसत्या बघत राहिल्या, मग दिवाबत्तीला उठून गेल्या. काकू, घाई नाही. नाव सांगाल ते पुस्तक मी उचलीन, कितीही जाड असलं तरी, आणि शेवटच्या पानापर्यंत तुम्हाला वाचून दाखवीन, शंभरदा अडखळले तरी. तुमचे उपकार मी एक दिवस असेच फेडणार आहे.